लेखक ब

१

दुसऱ्यांच्या पुस्तकांचे सिनेमे करायचे, हा माझा धंदा. उभी हयात त्यात गेली. कादंबऱ्या झाल्या, चित्रकथा झाल्या, एकदा तर पाककृतींच्या एका जाडजूड पुस्तकाची प्रेमकथा करून दिली आणि ती चाललीही. पण पडद्यावर माझं नाव कधी एकटं आलं नाही. माझ्याआधी कुणाकडून तरी एक खर्डा लिहून घेऊन त्याला घरी पाठवलेलं असतं, माझ्यानंतर कुणीतरी हात फिरवून जातो, आणि शेवटी लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या केलेल्या पाहुण्यांसारखी आमची नावं दाटीवाटीने येतात. वेंडेल प्रॅगर. डोळा लवला की गेलं.

माझी बायको जोआन होती तोवर प्रत्येक सिनेमात ती हे नाव यायची वाट बघायची आणि आलं की एकटीच टाळ्या वाजवायची. लोक वळून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता ती नाही, आणि त्या टाळ्यांसाठी जीव तुटतो.

मूळ लेखकांना मी सिनेमा पुरा होईपर्यंत भेटत नाही. हा माझा नियम. भेटले की ते सुतकात असल्यासारखे समोर बसतात आणि म्हणतात, माझं वाक्य तुम्ही बदललंत. बदललं नाही, सुधारलं, असं मी सांगतो. ते खरंही असतं, पण त्यांना ते आवडत नाही.

बरबँकमध्ये व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणाऱ्या हागोपच्या दुकानावर माझी लिहायची खोली आहे. सकाळी कॉफी घेऊन जिना चढायचा, खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि संवाद मोठ्याने वाचायचे, अशी माझी पद्धत. एका पात्राचं वाक्य म्हणायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने दुसऱ्याचं उत्तर येतं. ते आलं की टाइप करायचं. कुठून येतं, हे मी कधी विचारलं नाही. येतंय तोवर विचारू नये.

त्या सकाळी हागोपने मला जिन्याच्या तोंडाशीच अडवलं. माणूस अतिशय सभ्य, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्याला वेळ लागला. माझी तब्येत विचारून झाली, उन्हाळ्याबद्दल बोलून झालं. मग म्हणाला, "प्रॅगरसाहेब, राग मानू नका. तुम्ही वर फेऱ्या घालता ना, तेव्हा बूट काढून घालाल का? दिवसभर माझ्या डोक्यावर टाप टाप चालू असते. काल तर मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. ऐकलं नाहीत का?"

मी त्याला हातातली काठी दाखवली. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन बिघडल्याला बरीच वर्षं झाली. खोलीत शिरल्यावर मी खुर्चीत बसतो तो निघायच्या वेळेलाच उठतो. हे त्याला ठाऊक आहे, कारण सामान वर चढवायला तोच मदत करतो. त्याने काठीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"मग तुमच्या पाहुण्यांना सांगा," तो म्हणाला आणि आत गेला.

२

त्या वेळी मी मर्ना होल्ट या बाईंच्या चित्रकथेची पटकथा पुरी केली होती. 'धक्क्यावरची माणसं' हे तिचं नाव. दुलूथच्या बंदरातला एक बाप घर सोडून जातो आणि मुलगी त्याची वाट बघत मोठी होते, एवढीच गोष्ट. काळ्या शाईची चित्रं, बोलणं जवळपास नाहीच. अशा पुस्तकाचा सिनेमा करणं म्हणजे दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं असेल ते लिहून काढणं. एका चौकटीत दार उघडतं. पुढच्या चौकटीत टेबलापाशी रिकामी खुर्ची आहे. मध्ये बोटभर पांढरी जागा.

त्या पांढऱ्या जागेत मी एक प्रसंग घातला. बाप परत येतो, काही न बोलता बसतो आणि एक संत्रं सोलतो. साल तुटू न देता, एका लांब पट्टीत. सोललेलं संत्रं मुलीपुढे सरकवतो. मुलगी ते खाते. एक शब्द नाही. हा प्रसंग वाचून निर्मात्यांच्या ऑफिसात माणसं रडली म्हणे. ती माणसं कशालाही रडतात ते सोडा, पण मीसुद्धा रडलो होतो.

माझी एजंट रोझाना स्ट्रॉब हिने फोन केला आणि म्हणाली, या खेपेला कुणी हात फिरवणार नाही. पहिल्या खर्ड्यापासून शेवटपर्यंत तूच. पडद्यावर नाव तुझं एकट्याचं. मी फोन ठेवला आणि जोआनच्या फोटोकडे पाहिलं. आयुष्यात एकदा, म्हटलं. इतकंच मागणं होतं.

मग श्रेयनामावलीचा मसुदा आला. पटकथा: लायल केसिक & वेंडेल प्रॅगर.

दोन नावांमधल्या त्या वेटोळ्या चिन्हाला आमच्यात गाठ म्हणतात. बाहेरच्या माणसाला त्यात आणि 'आणि' या शब्दात काही फरक दिसणार नाही. आमच्याकडे त्यावरून मैत्र्या तुटतात. 'आणि' असलं तर दोघांनी वेगवेगळं लिहिलं, एकाने दुसऱ्याचं तोंडही पाहिलेलं नसेल. गाठ असली तर दोघे एका खोलीत बसून लिहीत होते. रोज. समोरासमोर.

लायल केसिक हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

३

मी हसलो. अशा चुका होतात. कुणीतरी नवशिक्या मुलीने दुसऱ्याच सिनेमाच्या कागदावरून नाव उतरवलं असेल. मी रोझानाला फोन लावला आणि विचारलं, हा केसिक कोण उपटला?

तिने उलट मलाच विचारलं. 

"वेंडेल, तुमचं भांडण झालंय का?"

"कुणाचं?"

"हे बघ, जोड्या फुटतात. मी वीस फुटलेल्या पाहिल्यात. पण चित्रीकरण चालू असताना नको रे. तो बोलत नाही फारसा, पण काम चोख आहे त्याचं."

मी तिला सांगितलं की माझी कसलीही जोडी नाही. मी जन्मभर एकटा लिहीत आलोय आणि हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. ती मला लहान मुलाला समजावतात तसं समजावू लागली. निर्मात्यांबरोबरच्या फोनवरच्या प्रत्येक बैठकीच्या टिपणात दोघांची नावं आहेत. लायल आणि वेंडेल, दोघे हजर. शेवट अडला होता तेव्हा लायलनेच तो सोडवला नव्हता का?

"तो मी सोडवला," मी म्हणालो. "मीच बोललो होतो."

"असेल बाबा. आवाज तुमचे सारखेच येतात."

फोन ठेवल्यावर मी विचार केला. टिपणं लिहिणारी मुलगी एकच असते. तिने पहिल्याच दिवशी चूक केली असणार, आणि पुढच्या प्रत्येक टिपणात तीच चूक उतरवत गेली असणार. चूक एकदा कागदावर चढली की ती माणसापेक्षा खरी होते. रोझानाने टिपणं वाचली आणि आपल्यालाही आठवतंय असं तिला वाटू लागलं. शहाण्या माणसाला एवढं स्पष्टीकरण पुरावं. मला पुरलं.

पेन खाली पडलं म्हणून वाकलो, तेव्हा गालिचा दिसला. करड्या रंगाचा, साधा. ही खोली घेतली तेव्हा मी स्वतः पसंत करून बसवून घेतला होता. माझ्या खुर्चीमागे, दारापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत, त्यावर एक वाट पडली होती. शेतातून माणसं रोज जाऊन पडते तशी. लोकर झिजून खालचा ताग दिसत होता.

मी कायम खिडकीकडे तोंड करून बसतो. पाठीमागे बघायचं कारण कधी पडलं नव्हतं.

४

नियम मोडून मी मर्ना होल्टना बोलावलं. चित्रीकरण बघायला त्या दुलूथहून आल्याच होत्या. मला साक्षीदार हवा होता. मूळ लेखिकेने लिहून दिलं की केसिक नावाच्या कुणाशी माझा कधी संबंध आला नाही, तर प्रश्न मिटला असता. त्यांच्याशी मी एकदाही बोललो नव्हतो, त्यामुळे आणखी कुणी बोलला असण्याचा प्रश्नच नव्हता.

भर दुपारी त्या आल्या. सत्तरीच्या, उंच, हातांवर शाईचे डाग. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी येताना सँडविच आणली होती. पिशवीतून काढून टेबलावर मांडली तेव्हा ती तीन निघाली.

"लायल नाहीत का?" त्यांनी विचारलं.

 मी शांतपणे विचारलं, तुम्ही त्याला कशा ओळखता? त्यांना आश्चर्य वाटलं. गेला हिवाळाभर लायल त्यांना फोन करायचे, याच खोलीच्या नंबरावरून. लेखिकेशी इतकं बोलणारा सिनेमावाला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या मैत्रिणींनी भीती घातली होती की पटकथा लिहिणारे गिधाडासारखे असतात, फोनसुद्धा उचलत नाहीत.

"दोघांपैकी चालणारे तुम्ही, नाही का?"

"म्हणजे?"

"लायल माझ्याशी बोलायचे आणि मागे कुणाच्या तरी सारख्या येरझाऱ्या चालू असायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तो वेंडेल. चालल्याशिवाय त्याला सुचत नाही."

मी काठी उचलून दाखवली. त्या चांगल्या घरच्या बाई होत्या, त्यांनी विषय सोडून दिला. त्यांची नजर मात्र गालिच्यावरून दारापर्यंत गेली आणि परत आली.

मग त्यांनी माझे आभार मानले, आमच्या दोघांचे. संत्र्याच्या प्रसंगाबद्दल.  "बाबा परत आले त्या दिवशी त्यांनी खरंच संत्रं सोललं होतं. असंच, एका पट्टीत. मी ते कधी काढलं नाही. दोन चौकटींच्या मध्ये माझ्यापुरतं ठेवलं होतं. इतकी वर्षं लोक हे पुस्तक वाचतायत, पण मध्ये काय झालं होतं हे एकानेही विचारलं नाही. लायलनी विचारलं."

माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या डोक्यातून काढलेली ती एकच गोष्ट होती. तो प्रसंग लिहिल्याचं मला पक्कं आठवत होतं. सकाळची वेळ, खोलीत संत्र्याचा वास, आणि एकेक वाक्य सरळ येत गेलेलं. लिहिल्याचं, किंवा ते वाचत असल्याचं.

"दिसायला कसा आहे तो?" मी विचारलं.

त्यांना हसू आलं. "मी कुठे पाहिलंय? आवाज अगदी तुमच्यासारखा. फक्त ते समोरच्याचं ऐकून घेतात."

तिसरं सँडविच त्या तिथेच ठेवून गेल्या. मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कागद होता, सँडविच नव्हतं. हागोपकडे खोलीची दुसरी किल्ली आहे, आणि उंदीरही आहेत.

५

मी लेखक संघाकडे तक्रार केली. गाठ मला मान्य नाही, असं लिहून दिलं. असा वाद झाला की संघ दोन्ही लेखकांना वेगळं करतो आणि प्रकरण तीन पंचांकडे पाठवतो. पंच कोण हे आम्हाला कळत नाही आणि लेखक कोण हे पंचांना कळत नाही. सगळ्या खर्ड्यांवरची नावं झाकतात. आपली बाजू मांडणाऱ्या निवेदनातसुद्धा स्वतःचं नाव घालायचं नाही. ज्याने आधी लिहायला घेतलं तो लेखक अ, नंतर आला तो लेखक ब. इतकंच.

पाकिटात सूचनांचा एक गठ्ठा आला होता. तो मी वाचला नाही. असल्या वादांत मी आधीही पडलोय, मला सगळं पाठ आहे. अ मी, ब तो. जो मुळात नाहीच, तो माझ्या आधी कसा येणार?

निवेदन मी एका बैठकीत लिहिलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली हागोप एक मोटर पुन्हा पुन्हा चालू करून बघत होता, आणि मला वर्षानुवर्षांत आली नव्हती तशी मजा येत होती. मी लिहिलं की लेखक ब याने या पटकथेत एक ओळ लिहिलेली नाही. त्याला स्वतःचं असं कधी काही सुचलेलंच नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं, आपल्या ताटलीत वाढायचं आणि वर मीच रांधलं म्हणून मिशीला तूप लावायचं, हा त्याचा पिंड. मूळ लेखिकेला भेटण्याचं धाडस त्याच्यात नव्हतं. खोलीत तो फक्त हजर होता. अ बोलत होता, ब ऐकलेलं उतरवत होता. अशा माणसाचं नाव पडद्यावर येणं हा पुस्तकाचा अपमान होईल.

पाठवण्याआधी रोझानाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फार बोचरं झालंय. मी म्हटलं, व्हायलाच हवं.

"तसं नाही रे. कुणाला तरी आतून ओळखणाऱ्याने लिहावं तसं वाटतंय. तू तर म्हणतोस, तू त्याला पाहिलाच नाहीस."

मी निवेदन पाठवलं. हागोपची मोटर बंद पडली तेव्हा मागे गालिच्यावर काही वाजलं का, याकडे मी कान दिला. काही वाजलं नाही. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

६

निकालाचा फोन रोझानानेच केला. तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "तिन्ही पंच एकमताने. ब चं नाव उडालं. श्रेय एकट्या अ ला. निवेदन इतकं पटण्यासारखं होतं म्हणे की त्यांनी खर्डे दुसऱ्यांदा वाचायची तसदी घेतली नाही."

मी तिला काय काय बोललो ते आता आठवत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या, हे आठवतं. एकट्याने, जोआनसारख्या. मग काठी टेकत कोपऱ्यावर गेलो आणि जर्दाळूचा केक मागवून अख्खा खाल्ला. वाढणाऱ्या बाईला सांगितलं की आज माझं नाव एकटं झालं. ती म्हणाली, छान.

पत्र यायला आठवडा गेला. वरच निकाल होता. पटकथा: लायल केसिक. बस. गाठ नाही, 'आणि' नाही, पुढे मागे कोणी नाही.

मी ते उभ्यानेच पुन्हा पुन्हा वाचलं. मग सूचनांचा गठ्ठा शोधून काढला. दुसऱ्याच पानावर, कुणालाही दिसेल असं, छापलं होतं. लेखक अ: केसिक. लेखक ब: प्रॅगर. कारणही दिलं होतं. पहिला खर्डा संघाकडे केसिकच्या नावाने नोंदवलेला होता, माझ्या पहिल्या खर्ड्याच्या आधी. या धंद्यात कालच आलेला पोरगासुद्धा अक्षरं तपासल्याशिवाय निवेदन लिहीत नाही.

संघाच्या बाई फोनवर नम्र होत्या. निकालाविरुद्ध जाता येतं, त्या म्हणाल्या, पण त्याला काही आधार लागतो. ब ने एक ओळ लिहिलेली नाही असं खुद्द ब नेच सही करून कळवलंय. पंचांनी शब्दशः मान्य केलं. आता नेमकी तक्रार काय?

मला उत्तर सुचलं नाही. एरवी थोडं थांबलं की येतं. मी थांबलो. बाईंनी फोन ठेवला.

७

पुढे जे घडलं त्यात गूढ काही नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. या गावात नाव गेलं की माणूस दिसेनासा होतो. कितीतरी भल्या लोकांचं झालंय. रोझानाच्या ऑफिसात फोन केला की एक नवी मुलगी उचलायची आणि प्रॅगरचं स्पेलिंग विचारायची. रोझाना बैठकीत असायची. स्टुडिओच्या फाटकावर पहारेकऱ्याने यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि माझ्या मागच्या गाडीला हात केला. पूर्वी हा माझ्याशी बेसबॉलबद्दल बोलायचा. मला राग आला, अपमान वाटला, आणि त्या रागाचा आधारही वाटला. राग येतोय म्हणजे मी आहे.

सिनेमाचा पहिला खेळ दुपारचा होता. पाससाठी मला कुणी विचारलं नाही. मी तिकीट काढून मागे बसलो. संत्र्याचा प्रसंग आला तेव्हा सगळं थिएटर श्वास रोखून होतं. शेवटी ते एकटं नाव काळ्या पडद्यावर आलं आणि बराच वेळ राहिलं. आमची कधी इतका वेळ राहत नाहीत. पुढच्या रांगेत रोझाना होती, तिच्याशेजारी मर्ना होल्ट. दोघींच्या मधल्या खुर्चीकडे वळून रोझाना काहीतरी बोलली आणि हसली. त्या खुर्चीच्या पाठीवरून मला फक्त एक बाही दिसली, पांढरी, कोपरापर्यंत दुमडलेली. मीही तशीच दुमडतो. बरेच लोक दुमडतात.

दिवे लागेपर्यंत मी थांबलो नाही. गर्दीत गुडघा आखडतो.

८

किल्ली माझीच होती, भाडं मीच भरत होतो, तेव्हा मी खोलीवर गेलो. दुपारचं ऊन उतरत होतं. खाली हागोप एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. वर एक लेखक असतात, तो सांगत होता, भला माणूस. पूर्वी फार आवाज व्हायचा, आता बरेच दिवस शांत आहे. मी त्याच्या समोरून जिन्याकडे गेलो. त्याच्या हातात उघडी मोटर होती, त्याने मान वर केली नाही. त्याला दोष देत नाही.

दार लोटलेलं होतं. आतून मोठ्याने वाचल्याचा आवाज येत होता. माझ्या पद्धतीने: एक वाक्य, मग थांबणं. नव्या कुठल्यातरी पुस्तकातलं एक पात्र दुसऱ्याला विचारत होतं, "तू इतके दिवस कुठे होतास?" आणि मग काहीच नाही. वाचणारा वाट बघत होता.

मी आत गेलो. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, त्यामुळे उन्हात पाठ तेवढी दिसली, आणि डोक्यावरचे विरळ झालेले केस. टेबलावर संत्र्याची साल एका लांब पट्टीत पडली होती. मला त्याच्यापुढे जाऊन तोंड बघायचं होतं. त्याची गचांडी धरून विचारायचं होतं, हे माझं नाव आहे की तुझं. बोलायचं इतकं साचलं होतं. पण पुढे जायला पाय उचलला तो गालिच्यावरच्या वाटेवर पडला. दुसरा त्याच्यापुढे पडला. गुडघा दुखला नाही. काठी केव्हाच दारापाशी राहिली होती. कपाटापर्यंत गेलो, तसा वळलो, आणि दारापर्यंत आलो.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो कधी पाहत नसणार.

"तू इतके दिवस कुठे होतास?" त्याने पुन्हा वाचलं.

मी चालत होतो. खालून हागोपने झाडूचा दांडा छतावर ठोकला. आणि चालता चालता मला उत्तर सुचलं. खरंच चांगलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं चांगलं काही सुचलं नव्हतं. मी ते मोठ्याने म्हटलं.

"कुठे नाही. तूच मागे बघितलं नाहीस."

तो टाइप करू लागला. मी त्याच्या खुर्चीमागून जाताना कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. माझं वाक्य त्याने थोडं बदललं होतं. सुधारलं होतं, हे मला मान्य करावं लागलं.